विश्लेषण : टीव्हीवरचा महाकाय गेम हातातल्या पडद्यावर कसा मावतो?

‘द विचर ३ : वाइल्ड हंट’ हा रोल-प्लेइंग गेम १५ ऑक्टोबर २०१९ रोजी ‘निन्टेन्डो स्विच’ या हातात मावणाऱ्या यंत्रावर आला. त्याआधी चार वर्षे हा गेम ताकदवान संगणक, ‘प्लेस्टेशन ४’ आणि ‘एक्सबॉक्स वन’ यांवर खेळला जात होता. स्विचची घडण मात्र टॅब्लेटसारखी. त्यामुळे जून २०१९ मध्ये घोषणा झाली तेव्हा अनेक गेमरना हे शक्यच वाटले नव्हते. प्रत्यक्षात कथा, विस्तार-भाग आणि विशाल नकाशा यांसह हा गेम स्विचवर चालला. हे कसे साधले, त्यासाठी काय सोडावे लागले आणि प्रत्येक गेमच्या बाबतीत हे का जमत नाही, याचा आढावा.

मूळ गेम किती मोठा?

पोलंडच्या ‘सीडी प्रोजेक्ट रेड’ या कंपनीने १९ मे २०१५ रोजी हा गेम आणला. पोलिश लेखक आंद्रेई सापकोव्स्की यांच्या कथा-कादंबऱ्यांतील गेराल्ट हा राक्षसांचा शिकारी त्याचा नायक. हरवलेल्या सिरीचा शोध हे मुख्य कथानक. त्याच्या अवतीभोवती दलदलीची गावे, युद्धाने उजाड झालेला मुलूख, बेटे आणि नोव्हिग्राडसारखे गजबजलेले शहर पसरलेले आहे. पुढे ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ आणि ‘ब्लड अँड वाइन’ हे दोन मोठे विस्तार-भाग आले. सगळे मिळून शंभरहून अधिक तास सहज जातील एवढा हा ऐवज.

रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडू एका पात्राच्या भूमिकेत शिरतो. संवादात काय बोलायचे, कोणाची बाजू घ्यायची, कोणाला सोडून द्यायचे हे तो ठरवतो आणि त्याचे परिणाम पुढे भोगतो. ‘विचर ३’मध्ये दलदलीतल्या एका झाडात कोंडलेल्या आत्म्याला मुक्त करायचे की मारायचे, हा प्रश्न येतो. खेळाडूने दिलेल्या उत्तरावर काही अनाथ मुलांचे, एका गावाचे आणि एका जहागीरदाराच्या कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असते. असे धागेदोरे संपूर्ण गेमभर विणलेले आहेत. त्यामुळे ‘गेम मोठा आहे, एखादा प्रदेश वगळू’ असा सोपा उपाय इथे चालत नाही.

दोन यंत्रांमध्ये नेमका फरक काय?

‘प्लेस्टेशन ४’मध्ये आठ कोअरचा प्रोसेसर आणि ८ जीबी मेमरी आहे. ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आलेल्या स्विचमध्ये ‘एनव्हिडिया’ची ‘टेग्रा एक्स१’ ही मोबाइल वर्गातली चिप आहे. तिच्यात कमी वेगाने चालणारे चार कोअर आणि सोबतीला ४ जीबी मेमरी. या मेमरीतलाही काही भाग यंत्राची स्वतःची प्रणाली घेते.

यापेक्षाही जास्त अडचण मेमरीच्या वेगाची. ‘प्लेस्टेशन ४’ मेमरीतून सेकंदाला १७६ जीबीपर्यंत माहिती उचलू शकतो. स्विचची कमाल मर्यादा २५.६ जीबी, म्हणजे जवळपास एक सप्तमांश. टाकीतल्या पाण्याबरोबर नळाची तोटीही लहान झाली, असे म्हणता येईल.

तिसरा फरक विजेचा. टीव्हीखाली ठेवलेला कन्सोल भिंतीतल्या प्लगमधून शंभर वॅटहून जास्त वीज घेऊ शकतो आणि मोठ्या पंख्याने थंड होतो. स्विचच्या ४३१० एमएएच बॅटरीत साधारण १६ वॅट-तास ऊर्जा मावते. जड गेम खेळताना पहिल्या स्विचची बॅटरी सुमारे अडीच तास चालेल, असे निन्टेन्डोने सांगितले होते. म्हणजे पडदा, आवाज, वाय-फाय आणि चिप या सगळ्यांसाठी मिळून सरासरी साडेसहा वॅटच्या आसपास वीज मिळते. म्हणूनच स्विच हातात धरलेले असताना चिपचा ग्राफिक्स विभाग मुद्दाम हळू चालवला जातो. टीव्हीला जोडल्यावर त्याचा वेग वाढतो.

पहिला प्रयत्न कसा झाला?

स्विच आवृत्तीचे काम ‘सेबर इंटरॅक्टिव्ह’ या अमेरिकी कंपनीने सीडी प्रोजेक्टच्या साथीने केले. त्याला सुमारे वर्षभर लागले. एका यंत्रासाठी बनवलेला गेम दुसऱ्या यंत्रावर चालेल असा करण्याच्या या कामाला ‘पोर्टिंग’ म्हणतात. गेम स्विचवर पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा तो सेकंदाला जेमतेम १० फ्रेम दाखवत होता आणि उपलब्ध मेमरीपेक्षा निम्म्याने जास्त मेमरी मागत होता, असे सेबरचे प्रमुख मॅथ्यू कार्च यांनी नंतर सांगितले.

या आकड्यांचा अर्थ असा. गेममधले दृश्य म्हणजे झरझर बदलणारी चित्रे. सेकंदाला ३० चित्रे दाखवायची तर एका चित्रासाठी सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात पात्रे कुठे आहेत, वारा कसा वाहतो, तलवार कोणाला लागली, सावली कुठे पडली याचा हिशेब करून चित्र रंगवावे लागते. दहाच फ्रेम मिळत होत्या, म्हणजे प्रत्येक चित्राला १०० मिलिसेकंद लागत होते. वेळ एक तृतीयांशावर आणायचा होता आणि मेमरीही एक तृतीयांशाने घटवायची होती.

काय सोडले, काय राखले?

मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहात होणारे नाटक तालुक्याच्या गावी नेताना नेपथ्य आटोपशीर करतात, दिवे कमी करतात, पण प्रवेश गाळत नाहीत. इथेही साधारण तेच धोरण होते.

पहिली कात्री रिझोल्यूशनला लागली. ‘प्लेस्टेशन ४’वर चित्र १०८०पी म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेलचे असते. स्विच हातात धरल्यावर ते जास्तीत जास्त ५४०पी, म्हणजे सुमारे ५.२ लाख पिक्सेलचे होते. बरोबर एक चतुर्थांश. टीव्हीला जोडल्यावर कमाल मर्यादा ७२०पी. शिवाय हे रिझोल्यूशन स्थिर नसते. लढाई पेटली की ते क्षणभर आणखी उतरते आणि गर्दी ओसरली की पुन्हा चढते. याला ‘डायनॅमिक रिझोल्यूशन’ म्हणतात. ५५ इंची टीव्हीवर ही तडजोड लगेच डोळ्यांत भरते. ६.२ इंची पडद्यावर ती बरीचशी झाकली जाते. हँडहेल्ड आवृत्तीचे सगळे गणित या एका सवलतीवर उभे आहे.

दुसरी बचत ‘टेक्श्चर’मध्ये. भिंतीचा पोत, कपड्यांची वीण, घोड्याची कातडी ही सगळी गेममध्ये साठवलेली चित्रेच असतात. त्यांचा आकार कमी केला की मेमरी मोकळी होते. तिसरी बचत सावल्या, गवत आणि झाडांमध्ये. या गेममध्ये रानेच रानेच असल्याने ती मोठी ठरली. दूरच्या झाडाची साधी प्रतिकृती दाखवायची, गवत विरळ करायचे, सावल्या पाडण्याची पद्धत हलकी करायची, अशी ही कामे. यासाठी प्रोग्रॅमचे काही भाग नव्याने लिहावे लागले. आधीच तयार करून ठेवलेले व्हिडिओही जास्त दाबून बसवले गेले.

अखेरीस संगणकावर ५० जीबीच्या आसपास जागा घेणारा हा ऐवज ३२ जीबीच्या कार्ट्रिजमध्ये मावला. दोन्ही विस्तार-भाग आणि आधी मोफत दिलेल्या १६ छोट्या भरी त्यातच होत्या. कथा, संवाद आणि खेळाडूच्या निर्णयांचे परिणाम यांना हात लावला गेला नाही.

रोल-प्लेइंग गेमच अधिक अवघड का?

शर्यतीच्या गेममध्ये रस्ता ठरलेला असतो. मारामारीच्या गेममध्ये दोन पात्रे आणि एक आखाडा. पुढे काय दिसणार हे निर्मात्याला आधीच ठाऊक असते. खुल्या जगाच्या रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडू कोणत्याही दिशेला घोडा दौडवू शकतो. त्यामुळे तो पोहोचण्याआधी पुढचा परिसर मेमरीत भरावा लागतो आणि मागचा काढावा लागतो. नळाची तोटी लहान असेल तर इथे अडखळायला होते.

दुसरे कारण गेमच्या ‘मेंदू’शी निगडित आहे. पिक्सेल कमी केले की ग्राफिक्स विभागाचे ओझे त्या प्रमाणात उतरते. पण बाजारात फिरणाऱ्या लोकांनी काय करायचे, पहारेकऱ्याने चोरी पाहिली का, कोणती कामगिरी कुठवर आली, हा हिशेब मुख्य प्रोसेसर करतो. चित्र चतुर्थांश झाले म्हणून हा हिशेब चतुर्थांश होत नाही. नोव्हिग्राडसारख्या शहरात यंत्राची खरी परीक्षा होते ती यामुळेच. रस्ते ओस केले तर वेग मिळेल, पण मग ते शहर राहणार नाही.

पडदा लहान झाल्याने कोणते प्रश्न येतात?

रोल-प्लेइंग गेममध्ये वाचायला खूप असते. संवाद, कामगिऱ्यांची वही, औषधी वनस्पतींची यादी, शस्त्रांचे गुणधर्म. टीव्हीपासून सात-आठ फुटांवर बसलेल्या माणसासाठी आखलेली ही पाने सहा इंचांत आली की अक्षरे किडामुंगीएवढी दिसतात. संगणकासाठी बनवलेले संकेतस्थळ मोबाइलवर उघडले की जे होते तेच. चित्र थोडे पुसट चालते, मजकूर पुसट चालत नाही. त्यामुळे मजकूर आणि खुणा उर्वरित दृश्यापेक्षा अधिक स्पष्ट राखणे हे पोर्टिंगमधले कमी बोलले जाणारे, पण कळीचे काम आहे.

खेळण्याची सवयही बदलते. टीव्हीसमोर माणूस दोन-तीन तास बसतो. हातातले यंत्र लोकलमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, झोपण्यापूर्वी वीस मिनिटे उघडले जाते. स्विचचे बटण दाबले की गेम आहे त्या क्षणी गोठतो आणि पुन्हा दाबले की तिथूनच सुरू होतो. शंभर तासांची गोष्ट तुकड्यातुकड्यांत संपवणे त्यामुळे शक्य होते. फेब्रुवारी २०२०च्या अद्ययावत आवृत्तीत आणखी एक सोय आली. संगणकावर जिथे थांबलो तिथून पुढे स्विचवर खेळता येऊ लागले.

आणखी कोणते मार्ग आहेत?

जपानच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ११’ने अगदी वेगळी वाट निवडली. २९ जुलै २०१७ रोजी हा गेम जपानमध्ये ‘प्लेस्टेशन ४’ आणि निन्टेन्डोच्या ‘३डीएस’ या दोन पडद्यांच्या छोट्या यंत्रावर एकाच दिवशी आला. ‘३डीएस’ची ताकद इतकी कमी होती की मूळ चित्रे लहान करून भागणार नव्हते. म्हणून तीच कथा घेऊन स्वतंत्र आवृत्ती बांधली गेली. सुरुवातीच्या भागात वरच्या पडद्यावर त्रिमितीय दृश्य, तर खालच्या पडद्यावर तोच प्रसंग जुन्या काळच्या सपाट, ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांत दिसे. पुढे कोणत्या रूपात खेळायचे ते खेळाडूने ठरवायचे. गेमचा गाभा चित्रांत नसून कथेत आहे, हे यातून लख्ख दिसले. दोन वर्षांनी स्विचवर आलेल्या आवृत्तीतही ते सपाट रूप राखले गेले.

दुसरा मार्ग ‘क्लाऊड’चा. गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि हातातल्या यंत्रावर त्याचा फक्त व्हिडिओ येतो. ‘किंगडम हार्ट्स’ मालिका फेब्रुवारी २०२२ मध्ये स्विचवर अशीच आली. मात्र इंटरनेट डळमळले की खेळ अडखळतो आणि प्रवासात तर बंदच पडतो. मालिकेतले जुने भाग २००२ पासूनचे, ‘प्लेस्टेशन २’च्या काळातले. तेही यंत्रावर थेट चालवण्याऐवजी क्लाऊडवरून दिले गेल्याने खेळाडूंनी नाराजी व्यक्त केली. निर्मात्याची मेहनत वाचते, पण अडचण ग्राहकाच्या गळ्यात पडते, असा हा मार्ग ठरला.

सगळेच प्रयत्न यशस्वी होतात का?

नाही. ‘द आउटर वर्ल्ड्स’ हा अंतराळातल्या वसाहतींवरचा रोल-प्लेइंग गेम जून २०२० मध्ये स्विचवर आला. पुसट पोत आणि खेळाडू अगदी जवळ गेल्यावर अचानक उगवणाऱ्या वस्तू यांमुळे त्यावर टीका झाली. काही महिन्यांनी सुधारित आवृत्ती द्यावी लागली. यंत्र तेच, गेमचा प्रकारही तोच, तरी निकाल वेगळा. मूळ गेमची बांधणी कशी आहे आणि पोर्टिंगला किती वेळ व माणसे दिली, यावर बरेच काही ठरते.

‘विचर ३’ही टीकेतून सुटला नाही. टीव्हीला जोडल्यावर चित्र धूसर दिसते, गर्दीच्या जागी वेग मंदावतो, या तक्रारी रास्त होत्या. किमतीचाही प्रश्न होता. अमेरिकेत स्विच आवृत्तीची किंमत ६० डॉलर, म्हणजे नव्या गेमएवढी ठेवली गेली. तोवर इतर यंत्रांवर हाच चार वर्षे जुना गेम बऱ्याच स्वस्तात मिळत होता. कमी दर्जाच्या चित्रासाठी जास्त पैसे का मोजायचे, असा सवाल त्यामुळे केला गेला. त्यावरचे उत्तर एकच होते, ते म्हणजे हा गेम आता कुठेही नेता येतो. ज्यांच्याकडे टीव्हीवरचा कन्सोल किंवा महागडा संगणक होता, त्यांच्यासाठी ही चैन. ज्यांच्याकडे फक्त स्विच होता, त्यांच्यासाठी मात्र हा गेम खेळण्याचा तोच एक मार्ग. सप्टेंबर २०१९ मध्ये, म्हणजे महिनाभर आधीच, टीव्हीला न जोडता येणारा ५.५ इंची, स्वस्त ‘स्विच लाइट’ बाजारात आला होता, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

आता परिस्थिती बदलली आहे का?

बरीच. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या ‘स्टीम डेक’वर संगणकाचे गेम थेट चालतात. त्यासाठी प्रत्येक गेमची वेगळी आवृत्ती करावी लागत नाही. बहुतेकदा सेटिंग कमी-जास्त केली की पुरते. ५ जून २०२५ रोजी आलेल्या ‘स्विच २’मध्ये १२ जीबी मेमरी आणि ७.९ इंची पडदा आहे. त्याच दिवशी सीडी प्रोजेक्टचा ‘सायबरपंक २०७७’ त्यावर उपलब्ध झाला. हाच गेम डिसेंबर २०२० मध्ये ‘प्लेस्टेशन ४’वर इतका अडखळत होता की सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काही महिने काढून टाकला होता.

या बदलामागे चिपच्या प्रगतीइतकेच नव्या तंत्राचे श्रेय आहे. ‘डीएलएसएस’ या एनव्हिडियाच्या तंत्रात यंत्र आधी कमी पिक्सेलचे चित्र काढते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ते मोठे व स्पष्ट करते. २०१९ मध्ये ५४०पीचे चित्र पुसट दिसणे अटळ होते. आता त्यातला बराच पुसटपणा पुसता येतो.

मग स्मार्टफोनवर असे गेम का नाहीत?

आजचे महागडे फोन पहिल्या स्विचपेक्षा ताकदवान आहेत. तरी अडचणी उरतातच. बहुतेक फोनमध्ये पंखा नसतो. थोड्या वेळाने फोन तापतो आणि चिप स्वतःहून वेग कमी करते. अँड्रॉइड फोनचे प्रकार अगणित, तेव्हा चाचणी कोणकोणत्या फोनवर घ्यायची हा प्रश्न. स्विच मात्र सगळीकडे जवळजवळ सारखाच. बटणेही नाहीत, त्यामुळे अर्धा पडदा अंगठ्यांनी झाकला जातो. ‘स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ हा २००३ चा रोल-प्लेइंग गेम २०१३ मध्ये आयपॅडवर आणि पुढच्या वर्षी अँड्रॉइडवर आला. त्यातली लढाई थांबवून, विचार करून आदेश देण्याची असल्याने स्पर्शाच्या पडद्यावर ती जमली. ‘विचर’सारख्या चपळ तलवारबाजीला ते सोपे नाही.

मोठा अडसर पैशांचा आहे. मोबाइलवर मोफत गेमची सवय झालेल्या ग्राहकाने एका गेमसाठी हजारो रुपये आधी मोजावेत, ही अपेक्षा धरून वर्षभराचे काम हाती घेणे कंपन्यांना धोक्याचे वाटते. स्विचवर पूर्ण किंमत देणारा ग्राहक होता, म्हणून सेबरला वर्षभर एकेका मिलिसेकंदासाठी झगडता आले.

‘विचर ३’च्या सर्व यंत्रांवर मिळून ५ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे सीडी प्रोजेक्टने मे २०२३ मध्ये जाहीर केले. त्यातल्या स्विचवरच्या खेळाडूंना गवत विरळ दिसले आणि डोंगर धूसर दिसले. पण झाडातल्या त्या आत्म्याचे काय करायचे, हा निर्णय त्यांनाही घ्यावा लागला आणि त्याची किंमतही तेवढीच मोजावी लागली.